महाविद्यालय-विद्यापीठातला लैंगिक छळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दोन महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. खालचे प्रश्न कार्यशाळा संपल्यावर हातात सरकवलेल्या चिठ्ठ्यांमधून आले, रात्री अकराच्या मेसेजमधून आले, आणि बरेचसे "मॅडम, एका मैत्रिणीचं आहे" अशी सुरुवात करून आले. ती मैत्रीण पुष्कळदा समोरच बसलेली असते.

उत्तरं भारतातल्या नियमांप्रमाणे आहेत. त्यातला एक म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा (सगळे त्याला 'पॉश' म्हणतात). दुसरे म्हणजे उच्च शिक्षण संस्थांसाठीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१५ चे विनियम. ते राजपत्रात मे २०१६ मध्ये आले. आपल्या अडचणीचा प्रश्न तेवढा वाचलात तरी चालेल. प्रश्न ५ आणि ६ मात्र सगळ्यांनी वाचावेत, कारण तिथली चूक पुढे दुरुस्त करता येत नाही.

१. विशाखा समिती, आयसीसी, महिला तक्रार निवारण समिती... या सगळ्या वेगवेगळ्या आहेत का?

बहुतेक ठिकाणी समिती एकच, बोर्डावरचं नाव वेगळं. 'विशाखा' हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालातून आलं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी योजनेत साथीण (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करायच्या. एक बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर ज्या संस्थांनी याचिका केली, त्यांतल्या एकीचं नाव विशाखा. न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि त्यांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. कायद्यात आधी 'अंतर्गत तक्रार समिती' असं नाव होतं. २०१६ च्या दुरुस्तीत त्यातला 'तक्रार' शब्द गेला. यूजीसीच्या विनियमांत तो अजून आहे, म्हणून आयसीसी (इंटर्नल कम्प्लेंट्स कमिटी) हे नाव रुळलं.

महिला विकास कक्ष मात्र वेगळा. तो व्याख्यानं ठेवतो, स्पर्धा घेतो, आठ मार्च साजरा करतो. चौकशी करायचा अधिकार त्याला नाही. तिथे दिलेला अर्ज महिनाभर फाइलमध्ये पडून राहिल्याचं मी पाहिलं आहे.

२. हात लावला नाही, नुसतं बोलले. तरी तो छळ धरतात का?

धरतात. कायद्यात नकोसा स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे आणि अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं हे सगळं येतं. त्याशिवाय लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही नकोसं वागणंही येतं, मग ते शब्दांतून असो, खुणांतून असो की स्पर्शातून. यातला महत्त्वाचा शब्द 'नकोसं'. करणाऱ्याच्या मनात काय होतं याआधी समोरच्या व्यक्तीला ते हवं होतं का, हे पाहिलं जातं.

"सरांचा स्वभावच मोकळा आहे" हे चौकशीत हमखास ऐकू येणारं वाक्य. मग मी विचारते, हा मोकळा स्वभाव संस्थेच्या अध्यक्षांसमोर कसा काय आवरतो? त्यावर सहसा उत्तर येत नाही.

"एकदा निवांत भेटून जा, इंटर्नलचं बघू" हेही यातच मोडतं, मागणी आडून केली म्हणून ती सुटत नाही. आणि "मी तेव्हा हसले होते, आता तक्रार कशी करू?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना सांगते, ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्यासमोर माणूस घाबरून हसतो. समितीला हे कळतं, निदान कळायला हवं.

३. प्रकार कॉलेजच्या बाहेर घडला. मग समिती ऐकून घेईल का?

घडलं ते कॉलेजच्या कामातून किंवा कार्यक्रमातून असेल, तर हो. होस्टेल, कॅन्टीन, ग्रंथालय, कॉलेजची बस हे तर आलंच. स्टडी टूर, एनएसएसचं शिबिर, युवा महोत्सवासाठीचा प्रवास, क्रीडा स्पर्धा आणि इंटर्नशिपची जागाही विनियमांत 'कॅम्पस'च धरली आहे. दुसऱ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला गेलेली विद्यार्थिनी तिथेही 'विद्यार्थिनी'च ठरते. इतकंच काय, प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली, अजून प्रवेश न मिळालेली मुलगीसुद्धा.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मजकूर किंवा प्राध्यापकानं रात्री पाठवलेले मेसेज यांना भिंती नसतात, समित्या ते विचारात घेतात. छळणारा बाहेरचा असेल, म्हणजे पाहुणा वक्ता, कंत्राटी सुरक्षारक्षक किंवा परीक्षेला आलेला बाह्य परीक्षक, तरी संस्थेला हात झटकता येत नाहीत.

४. समितीत कोण असतं? आमच्याकडे एचओडीच अध्यक्ष आहेत.

मग समितीची रचनाच चुकली आहे. विनियमांनुसार कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती समितीत नसाव्यात, म्हणजे तिच्यावर दडपण येणार नाही. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापकच हवी: विद्यापीठात प्रोफेसर, महाविद्यालयात किमान असोसिएट प्रोफेसर. शिवाय दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरचे एकेक विद्यार्थी सदस्य, तेही निवडून आलेले. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला आणि मुदत तीन वर्षांची.

विद्यार्थी प्रतिनिधी 'निवडून' येण्याऐवजी सरांनी 'सुचवलेले' असणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. तक्रार करण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरची यादी उघडून बघा. मी काही यादीत निवृत्त झालेल्या मॅडमची नावं वाचली आहेत. समितीच नेमली नसेल तर पॉश कायद्यात ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि यूजीसी अनुदान रोखू शकते.

५. तक्रार कशी लिहू? अर्जाचा नमुना आहे का?

ठरलेला नमुना लागत नाही. मराठीत लिहा, हातानं लिहा, चालतं. लिहिता येण्यासारखी मनःस्थिती नसेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यानं लिहायला मदत करायची, हे त्यांचं काम आहे, उपकार नाहीत.

पण काय लिहायचं, यावर थोडं सविस्तर बोलते. एक तक्रार मला अजून आठवते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोन फुलस्केप पानं. पहिल्या पानावर "आपणास नम्र विनंती की", घरची परिस्थिती, आई-वडिलांचे कष्ट, आपण कशा साध्या मुली आहोत. दुसऱ्या पानावर "आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व". आणि मध्ये कुठेतरी एकच ओळ: "सरांनी माझ्याशी गैरवर्तन केले."

'गैरवर्तन' या शब्दात कॉपी पकडल्यावर घातलेल्या वादापासून बलात्कारापर्यंत काहीही मावतं. त्यावर चौकशी कशाची करायची? आम्ही तिला चहा दिला, वेळ दिला आणि पुन्हा लिहायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तिनं असं लिहिलं: "१४ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास जर्नल सही करायला मी लॅबच्या आतल्या खोलीत गेले. सरांनी दार लोटलं. जर्नल हातात घेताना माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. मी हात ओढल्यावर म्हणाले, 'एवढी घाबरतेस काय?' बाहेर आले तेव्हा लॅब असिस्टंट काका टेबलापाशी होते." पाच-सहा ओळीच, पण त्यात तारीख, वेळ, जागा, कृती, शब्द आणि साक्षीदार असं सगळं आलं. चौकशी यावर उभी राहते.

तेव्हा नम्र विनंती आणि क्षमस्व गाळा. घटना एकाहून अधिक असतील तर तारखेप्रमाणे लिहा. तारीख नक्की आठवत नसेल तर "गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात" असंही चालतं, अंदाजानं खोटी तारीख घालू नका. उच्चारलेले शब्द शिवीगाळीचे असले तरी जसेच्या तसे लिहा. पॉश नियमांत सहा प्रती, सोबतची कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायला सांगितलं आहे.

आणि पोच घ्या. तुमच्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का. कुणी "ठेवून जा, बघतो" म्हणालं तर त्याच दिवशी अध्यक्षांच्या ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा. ईमेलवर तारीख आपोआप पडते.

६. प्रकार होऊन चार महिने झाले. आता उशीर झाला का?

मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. त्या काळात तक्रार करता न येण्यासारखी परिस्थिती होती हे पटलं, तर समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे चार महिने झाले असतील तर दार बंद नाही, पण उशिराचं कारण अर्जातच लिहा: आजारपण, धमकी, परीक्षा त्याच माणसाच्या हातात असणं, जे खरं असेल ते.

सहा महिन्यांनंतर मात्र अवघड होतं. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतबाह्य ठरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं. पण निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या बायोडेटात करावा, असंही सांगितलं. तक्रारदार प्राध्यापिकेला त्यातून काय मिळालं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

माझ्याकडे उशिरा येणाऱ्या मुलींनी मधल्या काळात केलेलं असतं ते एवढंच: 'आपला गैरसमज तर नाही ना' याची खात्री करत बसणं. खात्री करायला समिती आहे. तक्रार द्यायची की नाही हे पुढच्या आठवड्यात ठरवा, पण काय घडलं ते आज रात्री वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पोलिसांकडे जायला ही तीन महिन्यांची अट नाही (प्र. १३).

७. खोलीत आम्ही दोघंच होतो. पुरावा काय देणार?

असे प्रकार चारचौघांत करायला कुणी धजावत नाही, हे समितीला ठाऊक असतं. फौजदारी खटल्यातला 'संशयातीत' पुरावा इथे लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून कोणती शक्यता जास्त पटते, हे तोलतात. तुमचं सुसंगत निवेदन हाच पहिला पुरावा. घटना घडल्यावर तुम्ही कुणाला फोन केला, मैत्रिणीला काय मेसेज टाकला, दुसऱ्या दिवशी तास का बुडवला, बॅच बदलून का मागितली, हे सगळं धरलं जातं.

मेसेज असतील तर स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नावच नाही, मोबाइल नंबर आणि तारीखही दिसू द्या. नावाचं काय, कुणाच्याही नंबरला 'सर' म्हणून सेव्ह करता येतं, आणि प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, नेमकं हेच म्हणतो. स्क्रीनशॉट काढला म्हणून मूळ चॅट पुसू नका. घाण वाटते, डोळ्यांसमोर नको वाटतं, ठाऊक आहे. आर्काइव्ह करा, पण ठेवा. जुना फोन विकू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती तक्रारीतच करा.

८. तक्रार दिल्यावर किती दिवसांत काय होतं?

सात दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीकडे जाते. त्यानं दहा दिवसांत उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायची. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल संस्थेच्या कार्यकारी प्राधिकाऱ्याकडे (कारभाराच्या प्रमुखाकडे) जातो आणि अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते. अपील झालं नाही तर प्राधिकाऱ्यानं ३० दिवसांत शिफारशींवर कृती करायची.

"एवढं उघड आहे तर आठवड्यात का काढून टाकत नाही?" असं विद्यार्थी संघटना विचारतात. त्याचं उत्तर गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात आहे. तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या. समितीनं लागोपाठ बैठका घेऊन घाईनं चौकशी गुंडाळली, प्रतिवादीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. २००९ मधल्या त्या चौकशीवरची कारवाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षं झाली, आणि मुली पुन्हा पहिल्या पायरीवर. समिती कागद नीट करायला वेळ घेते तेव्हा तो तक्रारदाराच्याच कामी येतो. नुसतीच तारखांवर तारखा देत असेल तर मात्र ९० दिवसांची आठवण लेखी द्या.

९. त्याच्यासमोर बसून बोलावं लागेल का? वकील नेता येईल का?

समोरासमोर बसवायलाच हवं असं नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या विद्यार्थ्यांची चौकशी झाली, तेव्हा मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले होते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ग्राह्य धरलं. प्रतिवादीला आरोप आणि पुरावा कळला पाहिजे, प्रश्न विचारायची संधी मिळाली पाहिजे, पण ती लेखी प्रश्नांतून, समितीमार्फत देता येते. आमच्याकडे तशीच देतो, आणि "त्या दिवशी कपडे कोणते होते" छापाचे प्रश्न अध्यक्ष तिथेच खोडतात.

पॉश नियमांनुसार वकील कुणालाच आणता येत नाही. बाहेर सल्ला घ्यायला कुणाची ना नाही.

१०. ते माझे पीएचडीचे गाईड आहेत. तक्रार केली तर चार वर्षांचं काम बुडेल.

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि याला साखर लावून उत्तर देणं बरं नाही. गाईड बदलणं म्हणजे कधी विषय बदलणं, कधी फेलोशिपचे कागद अडकणं. संशोधक विद्यार्थिनींची ही अवस्था विनियमांनीही ओळखली आहे आणि संशोधन मार्गदर्शनासाठी आचारसंहिता करायला सांगितली आहे. ती तुमच्या विद्यापीठात आहे का, हे विचारून घ्या.

हातातलं शस्त्र म्हणजे अंतरिम उपाय. चौकशी चालू असतानाच समिती शिफारस करू शकते की प्रतिवादीनं तुमच्या कामाचं, परीक्षेचं, अहवालाचं मूल्यमापन करू नये, दोघांपैकी एकाला दुसऱ्या विभागात हलवावं, त्यानं अंतर राखावं. तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्या काळात तुमचा दर्जा आणि लाभ कायम राहतात. हे मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. तक्रारीच्या शेवटी वेगळा परिच्छेद करून नेमकं लिहा: "प्रगती अहवालावर दुसऱ्या प्राध्यापकांची सही चालावी", "व्हायवाच्या पॅनेलवर ते नसावेत". आणि तक्रारीआधीच डेटा, मसुदे, सह्या झालेले जुने अहवाल यांच्या प्रती स्वतःकडे करून ठेवा. विभागातल्या संगणकाचा पासवर्ड एका रात्रीत बदलतो.

११. नाव बाहेर फुटेल का? घरी कळवतील का?

तक्रारदार, साक्षीदार, प्रतिवादी यांपैकी कुणाचीच ओळख उघड करायची नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात नाव फुटतं ते समितीच्या तोंडून कमी आणि व्यवस्थेच्या ढिसाळपणातून जास्त. एका ठिकाणी जबाबाची खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी, काचेची. येणारा-जाणारा प्रत्येक जण कोण बसलंय ते बघत होता आणि शिपाईमामा दर वीस मिनिटांनी पाणी विचारायला येत होते. जागा आणि वेळ बदलून मागा, संध्याकाळची किंवा दुसऱ्या इमारतीतली.

अठरा पूर्ण असतील तर पालकांना कळवण्याची अट कुठेही नाही. "आधी वडिलांना घेऊन ये" असं कुणी म्हणालं तर ते नियमाबाहेरचं आहे. निनावी अर्जावर मात्र रीतसर चौकशी होऊ शकत नाही, कारण उत्तर कुणाला द्यायचं हे प्रतिवादीला कळत नाही.

१२. "माफी मागायला लावतो, मिटवून टाक" असं सांगतात. मिटवायचं का?

कायद्यात समेटाची सोय आहे, पण मागणी तक्रारदाराकडूनच यायला हवी, आणि पैशांच्या बोलीवर समेट करता येत नाही. समिती, प्राचार्य किंवा संस्थाचालक यांनी तो सुचवणं म्हणजेच दबाव. प्रकार किरकोळ असेल आणि तुम्हाला खरोखरच लेखी माफी एवढंच हवं असेल तर हा मार्ग वाईट नाही. मारहाण, जबरदस्ती किंवा धमकी असेल तर मी तरी कधी सुचवणार नाही.

१३. समितीकडे जाऊ की पोलिसांकडे?

दोन्हीकडे जाता येतं, एकाचवेळी. समिती कॉलेजातली शिस्तीची कारवाई करते, पोलीस गुन्ह्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, विनयभंगासाठीचा हल्ला ७४ मध्ये, चोरून बघणं-चित्रीकरण ७७ मध्ये आणि पाठलाग ७८ मध्ये येतो. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. तुम्ही पोलिसांत जायचं ठरवलं तर संस्थेनं मदत करायची आहे. "आधी आमचा अहवाल येऊ दे" हे उत्तर चुकीचं.

बलात्कार किंवा शारीरिक हल्ला असेल तर वेळ घालवू नका. वैद्यकीय तपासणी लवकर व्हावी, अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.

१४. मी अकरावीत आहे, पण कॉलेज तेच. मीही इथेच तक्रार करू का?

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. ज्याला प्रकार कळला त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखासाठी शिक्षा जास्त. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीनं विश्वासानं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन शिक्षकानं देऊ नये. इयत्ता नाही, वय बघायचं: एफवायला आलेली बरीच मुलं अजून सतरा वर्षांची असतात.

१५. मुलगा असेल तर? ट्रान्स विद्यार्थी असेल तर? मुलीनंच मुलीचा छळ केला तर?

पॉश कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते. पण यूजीसीच्या विनियमांनी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही धोका असतो हे मान्य करून सर्वांवरच्या लिंगाधारित हिंसेविरुद्ध कृती करायला संस्थांना सांगितलं आहे. म्हणून समितीकडे अर्ज द्याच, 'आमच्यात बसत नाही' हे तिला लेखी सांगू दे. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. सज्ञान मुलग्यांसाठी फौजदारी कायदा खरोखर तोकडा आहे. प्रतिवादी स्त्री असू शकते का, यावर कोलकाता उच्च न्यायालयानं २०२० मध्ये 'हो' म्हटलं आहे.

१६. आमचं प्रेमप्रकरण होतं. ब्रेकअपनंतर तो त्रास देतोय. आता कोण विश्वास ठेवणार?

तेव्हाचा होकार आजच्याला लागू होत नाही. नातं संपल्याचं स्पष्ट सांगितल्यावरही मेसेज, मागोमाग येणं, मित्रांकरवी निरोप चालू असतील तर ते नकोसं वागणंच. 'मला संपर्क करू नकोस' हे एकदा लेखी पाठवा आणि पुढे उत्तर देऊ नका. तुमच्या मर्जीनं काढलेला खासगी फोटो तुमच्या मर्जीविना पसरवणं हाही कलम ७७ खाली गुन्हा आहे. धमकीचा मेसेज जपून ठेवा (प्र. ७).

तक्रारीत नातं लपवू नका. ते चौकशीत निघतंच, आणि मग खऱ्या गोष्टीवरही शंका येते.

१७. माझ्याविरुद्धच खोटी तक्रार झाली आहे. काय करू?

तक्रारदाराला फोन करू नका, मित्रांना पाठवू नका, समाजमाध्यमावर लिहू नका. सूडाचं पाऊल म्हणून ते वेगळं प्रकरण होतं. दहा दिवसांत मुद्देसूद उत्तर द्या, तुमचे मेसेज आणि हजेरीपट जोडा, साक्षीदार सांगा. बैठकीला जा. सबळ कारण न देता लागोपाठ तीन बैठका चुकवल्या तर नोटीस देऊन एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. पण तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी असणं नव्हे. दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. स्टाफरूममध्ये हा फरक कुणी मानत नाही, म्हणून इथे लिहिला.

१८. तक्रार थेट प्राचार्यांविरुद्ध किंवा कुलगुरूंविरुद्ध असेल तर?

आरोप खुद्द 'नियोक्त्या'वर, म्हणजे संस्थेच्या प्रमुखावर, असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. मुदत तीच (प्र. ६).

१९. दोषी ठरला तर शिक्षा काय? निकाल पटला नाही तर?

विद्यार्थी असेल तर ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती बंद करण्यापासून निलंबन, नाव कमी करणं, पुन्हा प्रवेश न देणं इथपर्यंत. समुपदेशन किंवा समाजसेवेची सक्तीही करता येते. कर्मचाऱ्याला सेवानियमांप्रमाणे. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाचा चौकशी अहवाल मानायला सांगितलं. त्यामुळे तीच चौकशी पुन्हा नव्यानं होत नाही. नुकसानभरपाईही मागता येते. निकाल पटला नाही तर शिफारशींपासून ३० दिवसांत दोघांपैकी कुणीही अपील करू शकतं. प्राधिकाऱ्यानं शिफारस नाकारली तर कारणं लेखी द्यावी लागतात. ती मागून घ्या.

२०. सीनिअरनी होस्टेलवर कपडे काढायला लावले. हे रॅगिंग की लैंगिक छळ?

दोन्ही. रॅगिंगसाठी अँटी-रॅगिंग समिती आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाही आहे. एकच अर्ज दोन्ही समित्यांना द्या.

२१. एका प्रकरणानंतर मुलींच्या होस्टेलचं गेट सातला बंद करायला लागले. हे बरोबर आहे का?

नाही. यूजीसीच्या विनियमांतलं हे कलम मुलींना मी मुद्दाम वाचून दाखवते: सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, आणि सुरक्षेच्या नावाखाली पहारा वाढवून हिंडण्याफिरण्यावर बंधनं आणू नयेत. करायचं ते दुसरंच आहे: लॅबच्या आतल्या खोलीच्या दाराला काच, पार्किंगपासून होस्टेलपर्यंत दिवे, रात्रीची बस आणि समितीच्या सदस्यांचे नंबर प्रत्येक मजल्यावर. गेटची वेळ बदलायला एक परिपत्रक पुरतं, दिव्यांना निविदा काढावी लागते, म्हणून गेटच आधी बंद होतं. रेक्टरना अर्ज देताना विनियमाची प्रत जोडा.

२२. मैत्रिणीनं मला सांगितलं. तिला तक्रार करायची नाही. मी करू का?

तिच्या वतीनं तक्रार तुम्हाला करता येते, पण शारीरिक किंवा मानसिक कारणानं ती स्वतः करू शकत नसेल तेव्हाच. अशा वेळी मित्रमैत्रिणी, नातेवाईक, मानसशास्त्रज्ञ यांना विनियमांनी तो हक्क दिला आहे. ती करू शकते पण तिला करायची नाही, तर निर्णय तिचा. तिच्यामागे लागू नका, स्टोरी टाकू नका, नाव न घेता "आमच्या विभागातले एक सर" असंही लिहू नका. पंधरा जणांच्या विभागात ते नाव घेतल्यासारखंच असतं.

तिच्यासोबत समुपदेशकाकडे जाता येईल. सदस्यांपैकी कुणाला तरी, तक्रार न देता, नुसतं विचारायला भेटता येईल. अशा भेटीत काही नोंदवलं जात नाही. आणि तिनं तुम्हाला सांगितलं तो दिवस, ती वेळ, तिचे शब्द तुमच्याही वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तिचं मन बदललं, तर घटनेनंतर तिनं सर्वांत आधी कुणाला सांगितलं हे समिती विचारणार आहे, आणि तेव्हा बोलावणं तुम्हाला येईल.